बारा बकऱ्या आणि चार तऱ्हांचे जंत

दारव्ह्याच्या बाजारात मारेगावकडच्या एका बकरीवाल्याने मला फसवलं. मी त्याला फसवलं नाही, हे आधीच सांगते, कारण बाजारात आता उलटं बोललं जातं.

इथे सौदा रुमालाखाली बोटं धरून होतो. बाईने परक्याचा हात धरायचा नाही, म्हणून माझा सौदा तोंडी, सगळ्यांसमोर. त्या दिवशी मी बारा कोवळ्या बकऱ्यांचे दात पाहिले, कण्यावरून हात फिरवला आणि तासभर भाव पाडला. लेंड्या पाहिल्या नाहीत. ती चूक माझी.

"बाराच्या बारा घरच्या हायेत, बाई. माह्याच गोठ्यात जन्मल्या," तो म्हणाला. मधे उभ्या दलालानेही ऐकलं.

पंधरवड्यात त्यांच्या लेंड्यांत भाताच्या शितांसारखे पांढरे तुकडे दिसले. पट्टकृमी, आतड्यातले पट्टीसारखे जंत. तीन मेल्या. जाब विचारला तर तो म्हणाला, जंत बाईच्याच गोठ्यातले. तेव्हापासून मी बकऱ्या विकायला उभी राहिले तरी माझ्याकडे गिऱ्हाईक थांबत नाही.

जंतांवर संशोधन करणारी एक डॉक्टरीण नमुने गोळा करत फिरत होती. तिने मेलेल्या बकऱ्यांतले जंत बाटल्यांत भरले. माझ्या जुन्या बकऱ्यांत जंत नाहीत, असं मी तिला ठणकावून सांगितलं. तिने तपासलं. निघाले.

काही महिन्यांनी ती आली. "दिसायला सगळे सारखे. जनुकं मात्र वेगळी. तुमच्या जुन्यांतले एका तऱ्हेचे. नव्यांतले चार तऱ्हांचे, आणि तुमच्या जुन्यांतल्यांशी एकही जुळत नाही."

"म्हणजे बकऱ्या चार गावच्या."

"तसं नाही म्हणता येत. एका कळपातही चार तऱ्हा सापडतात."

"मग लिहून काय देशील?"

"जुळत नाहीत, एवढंच."

तेवढा कागद घेऊन मी बाजारात गेले. त्याने तो हातातही घेतला नाही.

"जंतायचे आधार कार्ड काढून आणले का, बाई?"

लोक हसले. दलालही हसला.

"घरच्या हायेत म्हणला होता का नाही तू?" मी विचारलं.

"मले तं काही आठवत नाही."

मी दलालाकडे वळले. तो म्हणाला, "मले कायले मधात ओढता?"

मधे तोच उभा होता. जंत माझ्या गोठ्यातले नाहीत, हे कागदावर आहे. बकऱ्या कुठून गोळा केल्या, ते त्या माणसाने सांगावं. आणि त्या दिवशी काय ऐकलं, ते दलालाने भर बाजारात, माझ्यासमोर बोलावं.