मागं बसणारीनं आधी बसायचं

सायकलच्या दुकानात आजकाल आधी गिअर दाखवतात. मला गिअर नको होते. आमच्या एमआयडीसीच्या रस्त्याला चढ नाही, खड्डे आहेत, आणि खड्ड्यांपुढं गिअरचं काही चालत नाही. त्या खड्ड्यांवर मी दोन पत्रकं काढलीत. पण रोज कामाला जायला परवडणारी सायकल शोधत फिरले तेव्हा वाटलं, एक पत्रक या दुकानांवरही काढावं. जी आपल्या ऐपतीतली, तिला मडगार्ड नाही, स्टँड नाही, कॅरिअर तर नाहीच. कॅरिअर आता कोण लावतं, असं दुकानदारानं मलाच विचारलं. कोण म्हणजे? कामगार काय गावातून उठून गेले?

खरं सांगायचं तर कॅरिअर मला डब्यासाठी नको होतं. मला मागं माय बसायला पाहिजे होती.

माय बियाण्याच्या प्लांटमध्ये निवडणीला जाते. बाप रोलिंग मिलमध्ये होता. त्याची शिफ्ट सुटली की तो प्लांटच्या गेटवर यायचा आणि माय मागं बसून घरी यायची. सायकल चोरीला जाऊ नये म्हणून त्यानं ती मिलमधल्या लाल रंगानं रंगवली होती. मिलमधल्या सगळ्यांनी हेच डोकं चालवलेलं. एकदा बाप दुसऱ्याचीच सायकल घेऊन गेटवर आला. त्याला पत्ता नाही. माय बसली आणि म्हणाली, "ही आपली न्हाई." त्या दिवशी दोघं परत मिलपर्यंत जाऊन, सायकल बदलून, अंधार पडता पडता हसत घरी आल्ते. दोघांना असं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

सायकल घेताना मागं बसणारीनं आधी बसून बघायचं, चालवणाऱ्यानं मंग, असं बाप सांगायचा. मिलमधले सगळे असंच घ्यायचे, बायकोला दुकानात नेऊन.

बाप गेल्यावर चुलत्यानं त्याची सायकल भंगारात दिली. आम्हाला विचारलं नाही. आमच्याकडं भंगार कुठं जातं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. भट्टीत जातं, त्याची सळई होते. कुठं नवं बांधकाम दिसलं, स्लॅबच्या वर सळया निघालेल्या दिसल्या, की मी अजून थांबून बघते.

शेवटी जुन्या सायकली विकणाऱ्या एका चाचांकडं काळी, दणकट, रुंद कॅरिअरची सायकल मिळाली. मायला घेऊन गेले. चाचांनी सायकल स्टँडवर लावली, कॅरिअर फडक्यानं पुसलं आणि मायला म्हणाले, "पहले आप बैठो, भाभी."

मायनं कॅरिअरवरून हात फिरवला. मंग पदर खोचून एका बाजूनं बसली. बसल्या बसल्या तिचा उजवा हात वर आला, चालवणाऱ्याच्या कमरेइतका. तिथं कुणी नव्हतं. हात तसाच राहिला, मंग खाली येऊन त्यानं सीटची स्प्रिंग धरली. मी हँडल धरून उभी होते. चाचा तोंड फिरवून पंप शोधायला लागले.

उतरून ती म्हणाली, "मजबूत हाय. घे."

"मंग उद्यापासून बसशील?"

"माझा टेम्पो हाय की."

आता सकाळी टेम्पो बायकांनी भरून निघतो. माय मुद्दाम सगळ्यात मागं, माझ्याकडं तोंड करून बसते, डबा मांडीवर. मी मागून रिकामं कॅरिअर घेऊन पायडल मारते. खड्डे आले की टेम्पो बैलगाडीसारखा चालतो. तेवढ्यात मी तिला गाठते. ती विचारते, भाकर घेतली का, रुमाल बांध. एकदा तिनं हात पुढं करून माझ्या हँडलवरची धूळ पुसली.

खड्डे संपले की टेम्पो सुटतो.

खड्ड्यांवरचं तिसरं पत्रक अर्धं लिहून पडलंय. पत्रकं वाटणारी सोबतची मंडळी रोज विचारतात, छापायला कधी देते. देईन म्हणते.