हरकत आली नाही

उद्धवराव मुळातले वाईट नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना शिव्या घालायला मोकळे! पिंपरीच्या पलीकडं, पवनेच्या काठी त्यांचं गाव. बाप लहानपणीच गेला. चुलत्यानं, गेनूनानानं, पोटाला चिमटा काढून पुतण्याला पुण्यात वकील केलं. पुढं ह्याच पुतण्याला निवडणुकीचं तिकीट मिळालं, तेव्हा गावानं एकच गोष्ट मागितली. पिंपरीला कारखाने उभे राहत होते, आजूबाजूच्या जमिनी सरकार घेत सुटलं होतं. नदीकाठची काळी रानं तेवढी वाचव, म्हणाले. उद्धवरावांनी खंडोबाच्या देवळात सगळ्यांसमक्ष बेलभंडार उचलून शब्द दिला.

आता त्या गावची रीत अशी, की ज्यानं बेलभंडार उचलला त्याला त्या गोष्टीबद्दल पुन्हा विचारायचं नाही. विचारणं म्हणजे देवावरच संशय घेणं. उद्धवराव निवडून आले, आणि काही काळानं चावडीवर सरकारी नोटीस लागली: नदीकाठची रानं कारखान्यासाठी घ्यायचा विचार आहे, ज्याची हरकत असेल त्यानं मुदतीत लिहून द्यावी. शेजारच्या गावांनी धडाधड अर्ज केले. ह्या गावात एकानंही केला नाही. आपल्या उद्धवानं देवासमोर शब्द दिलाय, आता अर्ज करणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं, असं गेनूनानानं पारावर सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं.

हे सगळं उद्धवरावांच्या कानावर गेलं होतं, बरं का. नुसता एक निरोप धाडला असता, बाबांनो अर्ज करा, तरी काम झालं असतं. पण तेव्हा उपमंत्रिपदासाठी त्यांचं नाव घेतलं जात होतं, आणि सरकारच्या योजनेला आपल्याच गावची हरकत त्यांना परवडणारी नव्हती. मग बघू, म्हणून ते गप्प बसले. मुदत टळून गेली.

त्या साली विधानसभेचं पावसाळी अधिवेशन पुण्यात भरलं. उपमंत्री उद्धवराव सभासदांना उत्तरं देणार, म्हणून गेनूनाना आणि गावची काही माणसं स्टेशनापर्यंत चालत आली, तिथून आगगाडीनं पुण्यात पोचली, आणि धुतलेले पटके बांधून वर गॅलरीत बसली. कुणी विचारलं, देवीच्या साथीत लस का पोचली नाही. उद्धवराव म्हणाले, माहिती मागवली आहे. कुणी गळक्या शाळांचं काढलं, कुणी दारूबंदीतल्या हातभट्ट्यांचं. उद्धवरावांनी एकेकाला गोड बोलून वाटेला लावलं.

मग विरोधी बाकावरचे ज्योतीराम उठले. हा माणूस सोलापूरकडचा, हट्टी. पवनाकाठच्या लोकांचं म्हणणं न ऐकताच त्यांची रानं सरकार घेतंय हे खरं का, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. खात्यानं इंग्रजीत बांधून दिलेलं उत्तर उद्धवरावांनी वाचलं: सदर गावातून मुदतीत एकही हरकत आलेली नाही, सबब प्रश्न उद्भवत नाही.

ज्योतीराम पुन्हा उठले. "हरकत का आली नाही, हे उपमंत्र्यांना ठाऊक आहे?"

अख्ख्या सभागृहात ते एकट्या उद्धवरावांनाच ठाऊक होतं. हरकती पुन्हा ऐकू, एवढं त्यांनी म्हटलं असतं तरी सरकारला तो शब्द पाळावा लागला असता. फार तर त्यांची खुर्ची गेली असती. वर बघायचा धीर झाला नाही. आपल्याला ठाऊक नाही, असं त्यांनी इंग्रजीत सांगितलं आणि ज्योतीराम खाली बसले.

बाहेर आल्यावर गेनूनानानं पुतण्याचे दोन्ही हात धरले. गावच्या माणसांना इंग्रजी कुठलं कळायला! पवनेचं नाव तेवढं कानावर पडलं; तो माणूस आपल्या रानांबद्दल बोलायला उठला आणि आपल्या उद्धवानं त्याला गप्प केलं, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते.

"मग औंदा शाळू पेरायचा नव्हं?" त्यानं विचारलं.

तिथंही सांगता आलं असतं हो! पण सगळी माणसं इतकी खुशीत बघत होती, की उद्धवरावांची जीभच उचलेना.

"पेरा," ते म्हणाले.

पौषात शाळू हुरड्याला आला आणि सरकारनं जमीन ताब्यात घेतली. उभ्या पिकात यंत्रं घातली. ताबा घेणारा अधिकारी पुढं कामासाठी मुंबईला आला, तेव्हा उपमंत्र्यांच्या खोलीत चहा पिता पिता त्यानं हसत सांगितलं, की एक म्हातारा यंत्रापुढं आडवा पडला होता. पोलिसांनी उचलून बाजूला केला तरी तुमची कायतरी चूक होतीया म्हणून ओरडत होता.

"म्हणे, उपमंत्री माझा पुतण्या, त्यानंच पेरायला सांगितलं. खरं का, साहेब?"

"गावाकडं सगळेच चुलते असतात," उद्धवराव म्हणाले.