ढगांवर आळ

वसुंधराकाकूला फिट येते, हे आमच्या स्नेहलतागंज मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक. कशाने येते, ते फक्त विजयकाकाला ठाऊक, असं त्याचं म्हणणं. ढग जमले की काका गॅलरीतून ओरडतो, "वसू, मौसम बिगडलाय, अंदर हो!" की काकू घरात. बिचारे ढग, त्यांची बाजू कोण घेणार?

तीन वर्षं लागोपाठ गणेश चतुर्थीला, मंडळाच्या मंडपात अथर्वशीर्ष म्हणता म्हणता काकू कोसळली. तिन्ही वेळा आभाळ भरलेलं. भाद्रपदात आभाळ भरणार नाही तर काय कोरडं ठणठणीत राहणार? पण काकाला पुरावा मिळाला. यंदा त्याने जाहीर केलं, "अथर्वशीर्ष शेजारच्या शोभनाजी म्हणतील." काकूचा चेहरा एवढासा झाला. वर्षभर ती त्या एका सकाळची वाट बघते. मी पुतणी असले तरी काकाचा मला असा संताप आला, की मीच तिला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी ढगांची चौकशीच केली नाही. "चतुर्थीच्या आदल्या दिवशी काय करता?"

"हरतालिका. निर्जळ उपास, रात्रभर जागरण."

"और फिट की गोली?"

"गोळी कशी घेणार? पाणी प्यावं लागतं ना!"

बाईंनी कपाळाला हात लावला. गोळी चुकवायची, वर झोप मोडायची, मग फिट येणार नाही तर काय! उपास-जागरण दोन्ही बंद, म्हणाल्या.

काकू ताडकन उठली. "व्रत ह्यांच्या आयुष्यासाठी आहे, डॉक्टरजी. ते मोडून मी अथर्वशीर्ष म्हणू?"

घरी येऊन मी काकाला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. हरतालिकेच्या सकाळी तो गोळी आणि पाण्याचा ग्लास घेऊन काकूपुढे उभा. "घे. उपास मी करतो. आयुष्य माझं आहे, माझं मी बघून घेईन."

आणि केला की! काकूला वेळेवर झोपायला पाठवून स्वतः बायकांच्या घोळक्यात बसून जागरणही केलं.

चतुर्थीला ढग गडगडत होते, तरी काकाने माइक काकूच्याच हातात दिला. काकूने अथर्वशीर्ष खणखणीत म्हटलं, अगदी फलश्रुतीपर्यंत. माझे डोळे भरून आले. काका पहिल्या रांगेत तोंड उघडं टाकून घोरत होता. शोभनाजी त्याला हलवायला निघाल्या, तशी काकू माइकवरूनच म्हणाली, "झोपू द्या हो! असा नवरा मिळावा म्हणून इतक्या हरतालिका केल्या, आज कुठे मिळालाय."