सदतिसावं पान

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या घरात साधा अंगारा कुणी आणला नाही, आणि अमावस्येला नवीन साडी नेसू नको म्हटलं की मी मुद्दाम नेसते. त्यामुळं हे वाचून "मनाचे खेळ असतात हो" असं शिकवायला कुणी येऊ नये. शाई माझ्या बोटाला लागली होती, आणि ती घालवायला दोनदा साबण लावावा लागला.

माण तालुक्यातलं छोटं कॉलेज. नाव सांगत नाही, अजून तिथंच नोकरी आहे. लायब्ररीत आम्ही तिघं — ग्रंथपाल कदम सर, क्लार्क म्हणून मी, आणि मुलाणी चाचा. चाचा हुद्द्यानं शिपाई, पण बाइंडिंग, शिक्के, कपाटं, सगळं त्यांच्याच हातात. सव्वीस वर्षं.

आता एक गोष्ट सांगते, जी खरं तर बाहेर सांगायची नसते. लायब्ररीत नवीन पुस्तक आलं की पहिल्या पानावर शिक्का बसतो, शेवटच्या पानावर बसतो, आणि मधल्या एका ठरलेल्या पानावर गुपचूप बसतो. चोरानं पुढचं-मागचं पान फाडलं तरी त्या मधल्या पानावरून पुस्तक आपलं म्हणून ओळखता येतं. आमचं पान सदतिसावं. आम्हा तिघांनाच ठाऊक. चाचांच्या उजव्या अंगठ्याचं टोक कटिंग मशीनमध्ये गेलं होतं, म्हणून त्यांचा शिक्का कायम डावीकडं कललेला. मारून झाला की पानावर हळू फुंकर घालायचे.

कॉलेजला एका सुभेदारांनी आपला जुना संग्रह दिला होता. इतिहासाचे शंभरेक ग्रंथ, आज बाजारात मिळायचे नाहीत असे. तपासणीची कमिटी यायची म्हणून पुस्तकं मोजायला घेतली, तर ते सगळे गायब. कदम सरांनी सरळ लिहून दिलं — मुलाणींनी रद्दीत विकले. खाली साक्षीदार म्हणून सही माझी.

होय, माझी. "बाइंडिंगला सांगलीला नेतोय" म्हणून सरांनी स्वतःच्या गाडीत खोकी भरलेली मी डोळ्यांनी बघितली होती. सांगलीत त्यांचा बंगला आहे. पण माझी कायम होण्याची फाइल त्यांच्याच टेबलावर पडलेली. सर म्हणाले, "करा सही, नुसती फॉर्मॅलिटी आहे." केली.

चाचांना रिटायर व्हायला चार महिने राहिले होते, तरी कामावरून काढलं. किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "आवं मॅडम, तुमास्नी तर म्हाईत हाय ना?" मी रजिस्टरात डोकं घालून बसले. ते दारापर्यंत जाऊन वळले. मग म्हणाले, "सदतिसावं पान इसरू नगा. ते खोटं बोलत न्हाई."

पुढं मशिदीच्या दारात, एस.टी. स्टँडवर लोक त्यांना 'पुस्तकचोर' म्हणायला लागले. पाच महिन्यांत चाचा गेले. मी मातीला गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

ते गेल्यावर सरांनी बारकोड आणला आणि जुना शिक्का रद्द केला. रद्द शिक्का कापून टाकतात, तशी पद्धत आहे. सरांनी कटरनं त्याचे चार तुकडे केले, माझ्यासमोर. त्याच्या कागदावरही सही माझीच. म्हणजे तो शिक्का आता या जगात नाही, एवढं ध्यानात ठेवा.

दोन महिन्यांनी नवीन पुस्तकं आली, प्लॅस्टिकमध्ये बंद. दुपारचे बारा वाजले असतील. मी एकाचं प्लॅस्टिक फाडलं, बारकोड लावला आणि सवयीनं सदतिसावं पान उघडलं... तर जांभळा शिक्का. डावीकडं कललेला. बोट लावलं तर ओला. मग एकामागून एक उघडत गेले. सगळ्यांत. सरांना नेऊन दाखवलं तर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं, पण म्हणाले काय, "प्रेसवाल्यांचा घोळ असेल. कुठं बोलू नका."

मी बोलले नाही. पण खरं सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा मला बरं वाटलं. म्हटलं, चाचा, करा काय करायचं ते. सोडू नका ह्याला.

त्याच वर्षी सरांनी इतिहासावर पुस्तक लिहिलं. कुठले ग्रंथ वापरून, ते सांगायला नको. कॉलेजच्या हॉलमध्ये प्रकाशन. सांगलीच्या प्रेसमधून आलेला सीलबंद गठ्ठा स्टेजवरच फोडला. संस्थेचे चेअरमन ऊसवाले माणूस, बोलायला रोखठोक. त्यांनी पुस्तक चाळलं आणि माइकसमोरच म्हणाले, "कदम, आरं ह्यो शिक्का कसला? माझ्या अंगठ्याला शाई लागली की."

हॉलभर पुस्तकं उघडल्याचा आवाज. प्रत्येक प्रतीत सदतिसाव्या पानावर आमच्या लायब्ररीचा शिक्का. डावीकडं कललेला. कदम सर खुर्चीत बसून नुसते घाम पुसत होते.

मी उठले. गुप्त पानाची पद्धत, चाचांचा अंगठा, सांगलीला गेलेली खोकी... सगळं सांगितलं. माझी सही तेवढी सांगितली नाही.

चेअरमन दुसऱ्या दिवशी चार माणसं घेऊन सांगलीला सरांच्या बंगल्यावर गेले, मलाही नेलं. वरच्या खोलीत सुभेदारांचे ग्रंथ ओळीनं लावलेले. सर म्हणाले, "जुन्या बाजारातून घेतलेत. शिक्का दाखवा कुठं आहे."

शिक्का कुठंच नव्हता. पुढची-मागची पानं फाडलेली, आणि प्रत्येक ग्रंथात छत्तिसाव्या पानानंतर थेट एकोणचाळिसावं, मधला कागदच फाडलेला. मी म्हटलं, "रद्दीवाला नेमकं सदतिसावं पान कशाला फाडेल, सर? ज्याला आमचं पान माहीत आहे, तोच फाडणार. आणि ज्या गोष्टीची भीती आहे, तीच माणूस फाडून टाकतो."

सरांची नोकरी गेली. सांगलीत आता त्यांना कुणी कार्यक्रमाला बोलवत नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. कॉलेजनं चाचांच्या निर्दोषपणाचं पत्र काढलं. मी ते घेऊन त्यांच्या घरी गेले तर चाचींनी वाचलंच नाही. "त्येंच्या मागं आता कशाला?" एवढंच म्हणाल्या, आणि मला चहा दिला. कप तसाच ठेवून मी निघाले.

मला वाटलं, संपलं.

मागच्या आठवड्यात माझं सर्व्हिस बुक साताऱ्याहून तपासून आलं. नोंदी एकोणिसाव्या पानापर्यंतच आहेत, पुढं सगळं कोरं. तरी हात पुढं गेलाच. सदतिसाव्या पानावर जांभळा शिक्का, डावीकडं कललेला, ओला. आणि गालाला हलकी फुंकर लागल्यासारखं वाटलं. पंखा बंद होता, खिडकी बंद होती.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. शिक्क्याचे चार तुकडे मी स्वतः कचऱ्यात टाकलेत.

पान फाडून टाकावं म्हणून दोन वेळा धरलं. पण सदतिसावं पान नसलं की काय सिद्ध होतं, ते मीच सगळ्यांसमोर सांगून बसलेय. म्हणून पान तसंच आहे, आणि सहीचं आज इथं पहिल्यांदा लिहिलं. उद्या हेच चेअरमनांना लिहून देणार आहे.

शाई अजून वाळलेली नाही.