पाखाडीवरून दिसणारी नदी

मंडळी, आज डॉक्टरांनी विचारलं, "वडिलांना हृदयविकार होता?" सवयीने मी नाही म्हटलं.

सन पंच्याऐंशीच्या सुमारास बाबा मुंबईहून शिमग्याला संगमेश्वरजवळच्या आमच्या गावी यायचे. घराकडे चढणाऱ्या दगडी पाखाडीवर अर्ध्यातच बसायचे, घामाघूम, आणि विडी पेटवायचे. "बाय, बग, नदी धुक्यात कशी झोपलीय." मीही बघत बसायचे. त्यांना गावाची केवढी ओढ, असं आई कौतुकाने सांगायची.

बेचाळिसाव्या वर्षी ते मुंबईत झोपेतच गेले.

आज घरचा जिना चढताना मी अर्ध्यावर, खिडकीपाशी थांबले. लेकीने विचारलं, "आई, काय बघतेस?"

"ढग," मी म्हटलं.

मग त्याच पायरीवर बसून डॉक्टरांना फोन लावला. म्हटलं, "बाबांना होता."

तुमच्या घरी चढणीवर देखावा बघायला कोण थांबतं?