वनिताच्या तोंडची मालिका

प्रकाशभाऊंचा फोन आला तेव्हा मी शाळेत निघायच्या गडबडीत होते. त्यांनी विचारलं, "जेवन झालं का ताई?" सकाळी सकाळी जेवणाचं विचारणारा हा माणूस एरवी फोनवर दोन शब्दांच्या वर जात नाही. मी पर्स खाली ठेवली. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझी मावसबहीण वनिता, प्रकाशभाऊंची बायको, अकोल्याला आपल्या घरी वारली होती. अमरावतीहून अकोल्याला मी निघाले ती कशी निघाले, कोणाला काय सांगून निघाले, काही आठवत नाही. मूर्तिजापूर कधी मागे पडलं तेही कळलं नाही.

आता काही आठवडे झालेत. वनिताबद्दल लिहायचं म्हणजे एका मालिकेबद्दल लिहावं लागणार, आणि त्या मालिकेचा मला मनापासून राग होता. मी गणित शिकवते, राग माझ्या नाकावरच असतो. परदेशातली कुठलीशी शाळा, तिथली गाणारी पोरंपोरी, त्यांचा एक बँड, दर भागात एक रडारड आणि दोन गाणी. हिंदीत आवाज दिलेली ही मालिका वनिताला मोबाइलवर सापडली आणि तिने ती अशी धरली की सोडलीच नाही. पन्नाशीकडे झुकलेली बाई, घरी फुलांचा धंदा, आणि हिला चिंता कशाची, तर त्या शाळेतल्या सोळा वर्षांच्या पोरीला गाण्यात पुढची जागा मिळते की नाही याची!

त्यांचं घर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे. मळा गावाबाहेर. झेंडू, शेवंती, निशिगंध दुपारपर्यंत घरी येतो आणि मग ओसरीत गोणपाटावर ढीग ओतून बायका हार ओवायला बसतात. ओल्या हातांनी मोबाइल बघता येत नाही, बघितला तर सुई बोटात जाते. म्हणून वनिता सकाळी स्वयंपाक करता करता भाग बघायची आणि दुपारी हार ओवताना तो सांगायची. सांगायची म्हणजे काय, अख्खी मालिका वऱ्हाडात आणायची. त्या पोरापोरींची नावं तिला कधी वळली नाहीत. एक 'चष्मेवाली', एक 'लंबी', एक 'ढोलवाला जाड्या'. गाणं आलं की शब्दांच्या जागी ला ला करून चाल म्हणायची. आणि ऐन मोक्याला थांबायची. "आता उद्या," म्हणायची. तिची जाऊ शोभा चिडून हातातला हार टाकून द्यायची. "अवं, सांग न वं! थो बुडा आत आला का नाही?"

हा 'बुडा' म्हणजे ढोलवाल्या जाड्याचा बाप. वनिताचं सगळ्यात लाडकं कथानक हेच. बापाला पोरगा दुकानात हवा, पोराला ढोल वाजवायचा. दोघं बोलत नाहीत. शेवटी स्पर्धेच्या दिवशी बाप येतो, पण सभागृहाच्या दाराबाहेरच उभा राहतो. दाराला कान लावून सगळं ऐकतो आणि पोराला न भेटता निघून जातो. मी म्हटलं, हा काय शेवट झाला? आत जायला काय झालं होतं त्याला? तर मला म्हणाली, "तू कोनाले कधी दाराआडून ऐकलं नाही, म्हनून तुले समजत नाही." दुसरं आवडतं, चष्मेवाली आणि लंबीचं. जिवलग मैत्रिणी, गाणं एकच, दोघींनाही हवं. ऐन गाण्यात लंबीचा श्वास तुटतो आणि चष्मेवाली तिच्या पाठीमागे उभी राहून तिची ओळ पुरी करते, बघणाऱ्यांना कळूही देत नाही. हे सांगताना वनिता दरवेळी रडायची आणि रडतानाही हात थांबायचे नाहीत.

एक कथानक मात्र तिने बायकांना कधीच सांगितलं नाही. मालिकेतल्या एका पोरीच्या गळ्याला काही होतं, तिचा आवाज जातो आणि ती वर्षभर मुक्याने बँडमध्ये वावरते. वनिताच्या आग्रहाने मी जे चार भाग पाहिले, त्यांत नेमका हा होता, म्हणून मला माहीत. वनिताने ओसरीत सांगताना त्या पोरीला परस्पर मामाच्या गावी पाठवून दिलं होतं. "ते काही खरं वाटत नाही," एवढंच म्हणाली.

आणि मग तिचा स्वतःचा आवाज बसला. आधी सर्दी झाली, मग थंडी बाधली, मग फुलांच्या परागाची अॅलर्जी. सगळी औषधं झाली. शेवटी नागपूरला तपासणी केली तेव्हा डॉक्टरांनी प्रकाशभाऊंना आणि मला आत बोलावून सांगितलं की स्वरयंत्रच काढावं लागेल. काढलं तर बाई वाचेल असं धरून चालू, थांबलात तर मी काही सांगू शकत नाही. वनिता आमच्या पाठीमागे दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. बसमध्ये बसल्यावर तिने एकच वाक्य उच्चारलं, "दिवाळी होऊ द्या."

दिवाळी म्हणजे झेंडूचा हंगाम, माणूस मेला तरी हात रिकामा होत नाही, हे मला समजत होतं. पण हे निमित्त आहे हेही समजत होतं. मी रोज फोन करायची. दिवसेंदिवस तिचा आवाज खोल जात चालला होता, विहिरीत पडलेल्या बादलीसारखा. शेवटी न राहवून मी अकोल्याला जाऊन थडकले. भर दुपार. ओसरीत सात-आठ बायका, मधे शेवंतीचा ढीग आणि वनिता सांगते आहे. बापाचा भाग चालला होता. तिचा घोगरा, फाटका आवाज त्या बुड्याला इतका चपखल बसत होता की बायका हसून हसून लोळत होत्या. "काय आवाज काढते माय!" शोभा म्हणाली. कोणाला काही माहीत नव्हतं. वनिता पदराआड खोकायची, पाणी प्यायची, पुन्हा सुरू. मी उंबऱ्यावर बसून तिच्या गळ्याकडे बघत होते.  एवढ्या बायकांसमोर उठून तिचं तोंड दाबावं असं वाटत होतं मला.

बायका गेल्यावर मी तिला मागच्या हौदापाशी गाठलं. "उद्या नागपूरला निघायचं," म्हटलं.

"मी नाही जात."

"कावून?" 'का' विचारताना मीही तिच्या बोलीवर आले.

"आवाज गेला त मी काय करू? नुसती ओवत बसू?" ती हौदाच्या काठावर बसली. "त्या पोट्टीले मी मामाच्या गावाले धाडली होती... आता मले कोन धाडते, सांग."

मी चिडले. मला दुसरं काही येत नाही. म्हटलं, तुझी दोन पोरं शिकताहेत, नवरा आहे, आणि तू एका भिकार मालिकेपायी मरायला निघालीस? ती हौदातलं पाणी हाताने ढवळत राहिली. मी आणखी बोलले.  प्रकाशभाऊ दारात येऊन उभे राहिले आणि तसेच परत गेले. आमचं हे चाललेलं असताना आत्याबाई, म्हणजे वनिताच्या सासूबाई, हात पुसत आल्या. घरदार त्यांना आत्याबाई म्हणतं म्हणून मीही म्हणते. पूर्ण बहिऱ्या. ओसरीत त्यांची बसायची जागा ठरलेली, बरोबर वनिताच्या समोर. समोरच्याचे ओठ बघून त्या बोलणं ओळखतात. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग वनिताच्या. त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

"नरडं ताणून बोलते महिन्यापासून," त्या वनिताला म्हणाल्या. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो, गल्लीला ऐकू गेलं असेल. "मले दिसत नाही का? तू या घरात आली तवा माये कान गेले होते. तुया आवाज कसा हाय, मले मालूम नाही. कोनी म्हनते गोड हाय, कोनी म्हनते भसाडा हाय. पर समदी गोष्ट समजली का नाही मले? थो बुडा समजला, थे चष्मेवाली समजली." मग त्यांनी वनिताची हनुवटी धरून तिचा चेहरा वर केला. "आवाज ठेव तिकडंच. तू ये वापस."

वनिता दुसऱ्या दिवशी निघाली. दिवाळी आठवड्यावर आली होती.

ऑपरेशन झालं. ती घरी आली ती गळ्याला पांढरा फडका बांधून. पहिल्या दुपारी मी ओसरीत होते. बायका खाली माना घालून ओवत होत्या, कोणी कोणाकडे बघेना. वनिता आपल्या जागी बसली. तिचेही हात चालत होते. मी मनात म्हणत होते, आता ही उठून आत जाईल, आणि एकदा आत गेली की पुन्हा ओसरीत यायची नाही... आणि तिचे ओठ हलायला लागले. नुसते ओठ. शोभाने मान फिरवली. तेवढ्यात समोरून आत्याबाईंचा आवाज आला. "लंबी म्हनते, मी गात नाही. चष्मेवाली म्हनते, तुले गावंच लागन." सगळ्यांचे हात थांबले. आत्याबाई वनिताच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या आणि बोलत होत्या. मधे मधे स्वतःचंही घालत होत्या, "बरोबर केलं," "असाच पाहिजे त्याले." गाणं आलं तेव्हा वनिता नुसती मान डोलवायला लागली. आत्याबाई क्षणभर अडल्या. मग जाहीर केलं, "आता थे गाते. लय मोठं गाते." शोभा हसता हसता रडायला लागली आणि वनिताही हसली, आवाज न करता, खांदे हलवून. त्या दिवशी मला त्या मालिकेचा राग आला नाही.

हिवाळाभर हे असं चाललं. पहिल्यांदा वाटायचं की आत्याबाई चुकतील, वनिता खट्टू होईल. त्या चुकायच्याच. मग वनिता त्यांच्या अंगावर झेंडू फेकायची आणि ओळ पुन्हा म्हणायची. उन्हाळ्याच्या तोंडाला दुखणं परत आलं, मानेत, मग फुप्फुसात. यावेळी डॉक्टरांना काढून टाकता येईल असं काही उरलं नव्हतं. मालिकेचं शेवटचं पर्व तेव्हाच आलं होतं. वनिता खाटेवर पडून बघायची, खाट ओसरीत आणली होती. शेवटी शेवटी ओठ हलायचे पण ते शब्द म्हणतात की नुसते थरथरतात, हे आत्याबाईंनाही ओळखू येईना. "थांब, थांब," त्या म्हणायच्या, "पुन्हा म्हन." जिवाच्या आकांताने बघायच्या. गोष्ट तिथेच राहिली.

मागच्या रविवारी मी गेले होते. हार ओवणं थांबत नाही, देवळांची रोजची गिऱ्हाइकी असते. बायका होत्या. आत्याबाई आपल्या जागी आणि समोरची जागा मोकळी. शोभाच्या मोबाइलवर ते शेवटचं पर्व आहे, पण एकीनेही उघडलेलं नाही. "पाहून काय करू ताई," शोभा म्हणाली, "सांगनारी पाहिजे न."

मी मात्र पाहिलं होतं. अमरावतीला, शाळेतून आल्यावर, रोज एक भाग, दात-ओठ खात आणि रडत. म्हटलं, मी सांगते. आत्याबाईंनी समोरच्या मोकळ्या जागेवर हात थोपटला, तशी मी तिथे जाऊन बसले. सुरुवात केली आणि त्यांनी हात वर केला. "आवाज नको काढू." मी आवाज बंद केला. नुसते ओठ हलवत राहिले. चष्मेवाली, लंबी, जाड्या, जे जे आठवत होतं ते सगळं. ओसरीत सुयासुद्धा थांबल्या होत्या. आत्याबाई पुढे झुकून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. किती तरी वेळ बघत होत्या...

मग त्यांनी मान हलवली. "नाही. तिच्यावानी तुयं मले समजत नाही."

त्यांनी ढिगातून ओंजळभर शेवंती उचलून माझ्या मांडीवर टाकली, सुई माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ओव."