तीस सेकंदांचा दारवान

तोंडावर आम्ही त्यांना काका म्हणायचो आणि पाठीमागे दारवान. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही असावं. आमची कंपनी लोकांना लिहून गप्पा मारायची सोय पुरवते, आणि त्या गप्पांच्या सर्व्हरचं दार काकांच्या ताब्यात होतं. एकवीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही.

दाराचं काम मला त्यांनीच शिकवलं. "हे बघ, कोणाचाही प्रोग्राम आला की आधी विचारतो, तुमच्याकडे सोयी काय काय? आपण यादी द्यायची. मागचे निरोप दाखवतो, निरोपावर वेळ घालतो, कोण आलं-गेलं ते सांगतो. त्यातलं हवं ते तो मागणार. आपण 'दिलं' म्हणायचं, नाहीतर 'नाही' म्हणायचं. शेवटी त्याने 'झालं' म्हटलं की आत घ्यायचं. तोवर उंबऱ्यावर."

"आणि नाही म्हटल्यावर तो रुसला तर?"

"रुसायचं काय त्यात? ऐच्छिक गोष्टी आहेत. मिळाली तर मिळाली, नाहीतर त्यावाचून आत यायचं. माणसांपेक्षा शहाणे असतात ते."

'झालं' न म्हणता रेंगाळणाऱ्यांसाठी त्यांचा नियम होता. तीस सेकंद वाट बघायची आणि दार लावायचं. असे बाहेर राहिलेले रोज एका यादीत जमा व्हायचे, हजारो ओळी, आणि ती यादी कोणी वाचत नसे. बिघडलेले फोन, नाहीतर कोणाची तरी उपद्व्यापी यंत्रं, असं आम्ही धरून चाललो होतो. बाहेर राहिलेल्याला तक्रार करायची तर तक्रारीची खिडकीही आतच होती. हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

काका एकटे राहायचे. लग्न केलं नव्हतं. मी एकदा ऑफिसची किल्ली द्यायला त्यांच्या घरी गेले होते. घरात खुर्ची एक. ती मला दिली आणि स्वतः खिडकीला टेकून उभे राहिले. चहा मात्र फक्कड केला होता.

आपलं म्हणावं असं त्यांना एकच माणूस होतं, मोठी बहीण. आईमागे तिनेच यांना वाढवलं. ती बसने आठ तासांवर, तीही एकटीच. पंधरा वर्षांपूर्वी ताईला ऐकू येईनासं झालं, तेव्हा काकांनी तिच्यासाठी मोठ्या अक्षरांचा गप्पांचा प्रोग्राम स्वतः लिहून दिला. निरोप आल्याची घंटा तिला कळणार नाही म्हणून सर्व्हरमध्ये एक खास सोय घातली. निरोप आला की तिचा पडदा लुकलुकायचा. रोज संध्याकाळी सातला दोघं बोलायला बसायची.

आठ महिन्यांपूर्वी ताई गप्पांना यायची थांबली. कारण आपल्याला ठाऊक आहे, असं काकांना वाटत होतं. तिने लिहिलं होतं, 'माझ्याकडे राहायला ये, दोन माणसांना दोन घरं कशाला?' यांनी लिहिलं, 'नाही. मला इथे कामं आहेत.' दुसऱ्या दिवसापासून ताई गप्प.

"रुसलीय," ते म्हणाले. "येईल आपणहून."

महिन्यातून एकदा ते तिच्या शेजारणीला फोन करायचे. "बरी आहे ना?" "बऱ्या आहेत." एवढं ऐकलं की फोन खाली. मी म्हटलं, काका, जाऊन या की एकदा. तर म्हणे, "मी का जाऊ? रुस म्हणून मी सांगितलं होतं?" सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही. आणि तरी सात वाजले की त्यांचा हात कामावरून निघायचा. साडेसातपर्यंत नुसते पडद्याकडे बघत बसायचे. मला ते बघवत नसे. मी कप विसळायला उठायची.

गेल्या महिन्यात शेजारीण जरा जास्त बोलली. तिचा आवाज फोनमधून मला माझ्या टेबलापर्यंत आला. "बऱ्या आहेत. पण तुम्ही दोघं रोज तासभर एवढं काय बोलता हो? सातच्या ठोक्याला त्या मशीनपुढे बसतात, मग आमच्याकडे ढुंकून बघत नाहीत."

काकांनी फोन ठेवला आणि बाहेर राहिलेल्यांची यादी उघडली.

रोज सातला ताईच्या नावाची पहिली ओळ. मग तीस-तीस सेकंदांनी एकेक, आठपर्यंत. सात महिन्यांत एक दिवस चुकला नव्हता.

घोटाळा त्यांना पाच मिनिटांत कळला, दोन्हीकडचं लिखाण त्यांचंच होतं. ताई गप्प झाली त्याच आठवड्यात कंपनीने जुन्या सोयी काढून टाकल्या होत्या. पडदा लुकलुकवायची सोय एकच माणूस वापरतं, म्हणून तीही काढायची ठरली, आणि काका हो म्हणाले होते. ताईला लुकलुक दिसणार नाही, पण आत तर येता येईल, असा त्यांचा हिशेब. मात्र तिचा प्रोग्राम लिहिताना सर्व्हर तिला कधी 'नाही' म्हणेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. 'नाही' ऐकल्यावर काय करायचं ते त्यांनी त्यात लिहिलंच नव्हतं. प्रोग्राम नुसता उभा राहायचा, आणि तीस सेकंदांनी आमचं दार लागायचं. मग तो पुन्हा पहिल्यापासून.

"त्या वेळी ताईंना काय दिसत असेल?" मी विचारलं.

"'थांब' असं. मोठ्या अक्षरात," काका म्हणाले. "मीच लिहिलंय."

मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

कोणाला न विचारता त्यांनी ती सोय परत यादीत घातली. तेव्हा पाच वाजले होते. पुढचे दोन तास ते जागचे हलले नाहीत. "नेमकी आज नाही आली तर?" एकदाच म्हणाले.

सातला ओळ उमटली. मागितलं. दिलं. झालं. ताई आत आली.

काकांनी लिहिलं, 'ताई, इतके दिवस कशी गं बसलीस?'

उत्तराला वेळ लागला. थकलेलं माणूस, एकेक अक्षर शोधणार.

'तू थांब म्हणालास, म्हणून थांबले.'

मी कप उचलले, पण मोरीकडे जाववलं नाही. काका काहीतरी लिहीत होते आणि पुसत होते. तीनदा पुसलं. मग लिहिलं, 'एक खोली झाडून ठेव. राहायला येतो.'

या वेळी उत्तर लगेच आलं.

'झाडलेलीच आहे.'